काजूच्या टरफलाचं तेल, एक प्रबंध आणि बावीस पानांचा करार

राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाचा विभाग आणि रंग बनवणारी एक कंपनी यांच्यात झालेल्या प्रायोजित संशोधन कराराची ही हकीकत. विद्यापीठाच्या बाजूने जे तिघं-चौघं मसुदा वाचत होते, त्यांत मी होतो. ओळख पटू नये म्हणून नावं काढली आहेत आणि रकमा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. कायद्याच्या तरतुदी आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

कोकणात आणि गोव्यात काजूबी फोडल्यावर उरणाऱ्या टरफलात वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेल असतं. काळपट, चिकट आणि कातडीला लागलं तर भाजणारं. ते तापवलं की त्यातल्या अ‍ॅनाकार्डिक आम्लापासून कार्डेनॉल तयार होतं. कार्डेनॉलची फॉर्मल्डिहाइड आणि अमाइनशी अभिक्रिया घडवली की फिनाल्कामाइन नावाचा हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारा घटक, मिळतो. इपॉक्सी रंगात तो मिसळला तर रंग थंड, दमट हवेतही पकडतो, म्हणून जहाजं, पूल आणि टाक्यांच्या रंगकामात त्याला मागणी असते. इथपर्यंतचं सगळं रसायन जुनं आहे.

विभागातली एक विद्यार्थिनी पीएचडीसाठी यातलाच एक धागा पुढे नेत होती. दमट हवेत असा रंग सुकताना अमाइनची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडते आणि पृष्ठभागावर पांढुरका, चिकट थर येतो. रंगवाले त्याला ‘ब्लश’ म्हणतात. अमाइन बदलून हा थर कमी करता येईल अशी लक्षणं तिला पहिल्या वर्षात दिसली होती. त्याच सुमारास विद्यापीठाच्या छोट्या योजनेतली तिची फेलोशिप संपत आली.

तिच्या मार्गदर्शक मॅडमचा एक जुना एमएस्सीचा विद्यार्थी या कंपनीच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. तो एकदा विभागात आला, चहा झाला आणि तोंडी सगळं ठरलं. दोन वर्षं, ४८ लाख रुपये. त्यात विद्यार्थिनीची फेलोशिप, रसायनं आणि आर्द्रता नियंत्रित करणारा एक चेंबर. पेपर छापायचे का, असं मॅडमनी विचारल्यावर तो म्हणाला, “अर्थातच, मॅडम. त्याशिवाय तिची पीएचडी कशी होणार?”

२०२२च्या अखेरीस मुंबईहून कंपनीच्या लीगल विभागाचा मसुदा आला. बावीस पानं, आणि सही करायला जागा मॅडमच्या नावापुढे.

मसुद्यात काय होतं

पहिली अडचण त्या सहीच्या जागेतच होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली विद्यापीठाच्या वतीने करारावर सही कुलसचिव करतात. प्राध्यापकाला स्वतःच्या सहीने विद्यापीठाला बांधता येत नाही. तशी सही केली तर बांधला जातो तो एकटा स्वतःच. मॅडमचा पहिला सूर असा होता की समोरचा माणूस आपलाच आहे, कागदावरून त्याच्याशी काय वाद घालायचा. हा सूर आपल्याकडच्या विभागांत नेहमीचा आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण तो कागद त्या माणसाने लिहिलेलाच नव्हता. युरोपातल्या मूळ कंपनीचा ठरावीक नमुना उचलून त्यात विद्यापीठाला ‘कंत्राटदार’ केलं होतं.

मजकुरातली टोचणारी कलमं थोडक्यात अशी होती. या विषयाशी संबंधित सगळे निष्कर्ष कंपनीचे, मग ते करारापूर्वीचे का असेनात. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय काहीही प्रसिद्ध करायचं नाही, आणि हे बंधन करार संपल्यावरही पाच वर्षं. विभागाने पाच वर्षं कार्डेनॉलवर दुसऱ्या कुणाबरोबर काम करायचं नाही. शेवटचा हप्ता केव्हा, तर रंगाचा नमुना एएसटीएम बी ११७ या मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत १,००० तास टिकला तर. विद्यापीठाने द्यायच्या नुकसानभरपाईला मर्यादा नाही. आणि ४८ लाख ही रक्कम ‘सर्व करांसह’.

खरा पेच

विद्यापीठाच्या संशोधन समितीची पहिली बैठक जवळजवळ पूर्णपणे पेटंटच्या मालकीवर खर्च झाली. माझ्या मते तो वेळ चुकीच्या कलमावर गेला. मालकीचा प्रश्न पुढे कधीतरी, काही निघालं तर, उभा राहणार होता. प्रसिद्धीचं कलम मात्र विद्यार्थिनीच्या पदवीला पहिल्या दिवसापासून हात घालत होतं.

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या पीएचडी नियमावलीनुसार पदवी देण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे जमा करावी लागते. ती शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सगळ्यांना खुली होते. तोंडी परीक्षाही खुली असते. म्हणजे मसुदा आहे तसा सही झाला असता, तर प्रबंध जमा करणं हाच करारभंग ठरला असता. तोंडी दिलेलं ‘अर्थातच’ बावीस पानांत कुठेही नव्हतं.

हे काल्पनिक भय नाही हे समितीला पटवायला बेटी डाँग यांचं उदाहरण कामी आलं. त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को संकुलात औषधशास्त्रज्ञ होत्या. थायरॉइडवरच्या एका महागड्या औषधाची स्वस्त पर्यायांशी तुलना करण्यासाठी त्यांनी कंपनीबरोबर करार केला. लेखी संमतीशिवाय निष्कर्ष छापायचे नाहीत असं त्यात कलम होतं. विद्यापीठाच्या धोरणात असं कलम बसत नव्हतं, तरी सही झाली होती. काम १९९०मध्ये संपलं, औषधं सारखीच गुणकारी निघाली आणि कंपनीने आडकाठी घातली. १९९५च्या जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापायला तयार असलेला लेख मागे घ्यावा लागला, कारण खटला झाला तर विद्यापीठ पाठीशी उभं राहणार नव्हतं. शेवटी १९९७मध्ये तो छापला गेला. डाँग यांच्याकडे नोकरी होती. आमच्या विद्यार्थिनीकडे फक्त नोंदणीची मुदत होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनीची धास्ती बिनबुडाची नव्हती. भारतीय पेटंट कायद्यात अर्जाआधीच्या प्रसिद्धीला दिलेली सूट फार अरुंद आहे. मान्यताप्राप्त विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध किंवा सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांनाच ती १२ महिन्यांपुरती मिळते. युरोपात त्याहून कडक. अर्ज दाखल होण्याआधी एखाद्या परिषदेत पोस्टर लागलं, तर शोधाचं नावीन्यच संपू शकतं. प्राध्यापक मंडळी ‘आम्ही छापणारच’ म्हणतात तेव्हा ही गोष्ट त्यांच्या लक्षात नसते.

समोरचे पर्याय

समितीपुढे पाच वाटा होत्या.

एक म्हणजे मसुदा जवळजवळ आहे तसा घ्यायचा, पण विद्यार्थिनीला त्यातून बाहेर ठेवायचं. काम सल्लासेवा म्हणून करायचं आणि त्यासाठी प्रकल्प सहायक नेमायचा. पैसे आले असते, पण फेलोशिपचा मूळ प्रश्न तसाच राहिला असता. शिवाय तिच्या प्रबंधाचाच विषय शेजारच्या टेबलावर कंपनीच्या मालकीने चालला असता.

दुसरी वाट संयुक्त मालकीची. समितीतल्या बहुतेकांना हीच आवडली होती. अर्धं तुमचं, अर्धं आमचं, विद्यापीठाचं नाव राहील. इथे पेटंट कायदा, १९७० चं कलम ५० मोठ्याने वाचावं लागलं. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर सहमालकांपैकी प्रत्येकाला शोध स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येतो आणि दुसऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही. मात्र दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही, हिस्साही विकता येत नाही. आता हे दोघांना लावून पाहा. कंपनीकडे कारखाना आहे, ती उद्यापासून माल काढेल आणि विद्यापीठाला एक रुपया देणार नाही. विद्यापीठाकडे कारखाना नाही, त्याला परवाना देऊनच कमावता येईल आणि त्यासाठी कंपनीची संमती लागेल. अर्ध्या मालकीतून हाती उरतं ते प्रमाणपत्र. त्यात भर म्हणजे २०२१पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे आणि मोठी कंपनी सहअर्जदार असली की ती जाते. नावाची काळजी असणाऱ्यांना हेही सांगावं लागलं की मालक कुणीही असो, संशोधक म्हणून नाव विद्यार्थिनीचं आणि मॅडमचंच लागणार.

तिसरी वाट म्हणजे मालकी पूर्ण विद्यापीठाची, आणि कंपनीला परवाना घेण्याचा पहिला हक्क, म्हणजे ऑप्शन. चौथी, शोधाचेच दोन भाग करायचे. कंपनीच्या रंगाच्या मिश्रणातल्या सुधारणा कंपनीच्या, हार्डनरचा रेणू आणि तो बनवण्याची कृती विद्यापीठाची. पाचवी, कंपनीला नम्रपणे नकार देऊन सरकारी निधीला अर्ज करायचा. ही वाट शेवटपर्यंत उघडी ठेवली आणि त्यासाठीचा प्रस्ताव खरोखर लिहूनही ठेवला. नकार देण्याची तयारी असल्याशिवाय बोलणीला बसण्यात अर्थ नसतो. ती तयारी मॅडमनी केली याला मी पुढच्या यशातला मोठा वाटा देतो.

बोलणी

पहिल्या ऑनलाइन बैठकीत लीगलच्या बाईंनी प्रत्येक कलमाला “ही आमची पॉलिसी आहे” असं उत्तर दिलं. आम्हीही आमची पॉलिसी सांगितली. तासभर असं चाललं.

गाठ सुटली ती बैठकीबाहेर. संशोधन प्रमुख मॅडमना भेटायला आला तेव्हा मॅडमनी त्याला कलमांबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, की प्रबंध शोधगंगेवर गेला तर तुझं नेमकं काय बिघडेल? तो थोडा थांबला आणि मग खरं सांगितलं. हार्डनरच्या रेणूची त्याला फारशी चिंता नव्हती, तसे रेणू येत-जात असतात. चिंता होती कंपनीच्या रेझिनच्या, म्हणजे रंगाच्या मूळ राळेच्या, मिश्रणाची. चाचणीसाठी ते विभागाला देणार होते आणि प्रबंधाच्या तक्त्यात त्याचं प्रमाण छापलं गेलं, तर प्रतिस्पर्ध्यांना आयतं मिळणार होतं. ही गोष्ट त्यांच्या लीगल विभागालाही कुणी सांगितली नव्हती. त्यांनी आपलं सगळंच झाकून ठेवलं होतं.

त्यानंतर चौथी वाट आपोआप पुढे आली, तिसरीतला ऑप्शन तिला जोडून. मिश्रणातल्या सुधारणा कंपनीच्या. रेणू आणि कृती विद्यापीठाची. रंगाच्या क्षेत्रात एकाधिकाराने परवाना घ्यायचा की नाही हे ठरवायला कंपनीला सहा महिने. चिकटद्रव्यं, ब्रेक लायनिंग वगैरे इतर उपयोग विद्यापीठाकडे मोकळे. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली पूड ब्रेक लायनिंगमध्ये फार पूर्वीपासून वापरतात, हे कंपनीलाही माहीत होतं आणि त्यात तिला रस नव्हता. संशोधन आणि अध्यापनासाठी वापरण्याचा हक्क विभागाकडे कायमचा.

प्रसिद्धीच्या कलमाचं रूप असं झालं. लेख पाठवण्याआधी ४५ दिवस कंपनीला दाखवायचा. तिने स्वतःची गोपनीय माहिती काढायला सांगितली तर काढायची. पेटंटचा अर्ज करायचा असेल तर आणखी ६० दिवस थांबायचं. मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती धरायची. प्रबंधासाठी वेगळं उपकलम घातलं. कंपनीची मिश्रणं त्यात ‘नमुना क’, ‘नमुना ख’ अशा खुणांनी येतील, पण प्रबंध जमा करणं, तपासणं आणि खुला करणं कंपनीला कोणत्याही कारणाने रोखता येणार नाही. हे वाक्य लीगलने तीनदा मऊ करून परत पाठवलं. तिन्ही वेळा आम्ही ते जसंच्या तसं परत घातलं.

पाच वर्षांच्या बंदीवर विद्यापीठाच्याच वकिलांचं मत निराळं होतं. करार संपल्यानंतरची व्यवसायबंदी भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७ खाली तशीही टिकत नाही, मग राहू द्या की, असं ते म्हणाले. कायद्याने बरोबर, व्यवहाराने नाही. उद्या दुसरी कंपनी दाराशी आली तर तिचे वकील हे कलम पाहून परत फिरतील. विभाग काही कोर्टात जाऊन ते रद्द करून घेणार नाही. बंदी प्रकल्पाच्या काळापुरती आणि या एका रेणूपुरती ठेवली.

१,००० तासांची अट काढताना फार वाद झाला नाही. चाचण्या ठरल्याप्रमाणे करून निकाल कळवायचे, निकाल काय येतो यावर पैसे अवलंबून नाहीत, एवढं लिहिलं. नुकसानभरपाईची मर्यादा विद्यापीठाला मिळालेल्या रकमेइतकीच. वाद कुठल्या शहरातल्या कोर्टात चालायचा, हा न्यायक्षेत्राचा आग्रह मात्र आम्ही सोडला आणि मुंबई मान्य केलं. त्यावर भांडण्याइतकं त्यात काही नव्हतं.

फाटकावरचा टॅबलेट

बोलणी चालू असतानाच एक गोष्ट घडली. प्राथमिक नमुने दाखवायला विद्यार्थिनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीच्या केंद्रात गेली. फाटकावर सुरक्षारक्षकाने टॅबलेट पुढे केला. नाव, मोबाइल, फोटो आणि खाली ‘मान्य’चं बटण. तिने दाबण्याआधी मजकुराचा फोटो काढून मॅडमना पाठवला. सहाव्या ओळीत लिहिलं होतं की भेटीत किंवा भेटीच्या अनुषंगाने सुचलेल्या कल्पनांचे हक्क पाहुणा कंपनीला याद्वारे देत आहे.

असल्याच एका कागदाने स्टॅनफर्ड विद्यापीठाचं नुकसान झालं होतं. तिथल्या संशोधकाने विद्यापीठाला ‘हक्क देण्याचं मान्य करतो’ असं लिहून दिलं होतं. पुढे सेटस कंपनीत तंत्र शिकायला जाताना ‘हक्क देईन आणि याद्वारे देत आहे’ असं लिहिलेल्या कागदावर सही केली. पहिल्या कागदात नुसतं वचन होतं, दुसऱ्याने हक्क तिथल्या तिथे गेला. रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरून झालेला हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११मध्ये निकाल विद्यापीठाच्या विरोधात लागला.

मॅडमनी तिला फाटकावरूनच परत बोलावलं. नमुने कुरियरने गेले. कंपनीने दोन दिवसांत मान्य केलं की तो मजकूर विक्रेत्यांसाठीचा आहे. करारात वाक्य आलं: प्रवेशाच्या वेळी किंवा अन्यत्र घेतलेल्या कोणत्याही संमतीपेक्षा हा करार वरचढ राहील.

पण या प्रसंगाने विद्यापीठाला स्वतःचंही एक भोक दिसलं. विद्यार्थिनी विद्यापीठाची नोकर नव्हती. तिच्या शोधाचा हक्क विद्यापीठाला देणारा एकही कागद तिने केलेला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. म्हणजे विद्यापीठ कंपनीला जे देऊ करत होतं ते अजून त्याच्याकडे नव्हतंच. घाईने तिची सही घ्यावी असं एका अधिकाऱ्याचं मत पडलं. तसं केलं नाही. धोरणानुसार उत्पन्नातला तिचा हिस्सा किती हे तिला लेखी दिलं, विभागाबाहेरच्या कुणाला तरी दाखवायला आठवडा दिला आणि मग कागद झाला.

तिच्या पहिल्या वर्षाच्या कामाचंही असंच. प्रयोगवहीची करारापूर्वीची सगळी पानं झेरॉक्स करून, प्रत्येक पानावर विभागप्रमुखांची सही आणि तारीख घेऊन त्यांची यादी परिशिष्टात जोडली. मॅडमना हे अविश्वास दाखवल्यासारखं वाटत होतं. संशोधन प्रमुखाने मात्र आपल्या कंपनीच्या जुन्या मिश्रणांची यादी लगेच पाठवली आणि तो संकोच गेला.

पैशाची कलमं

‘सर्व करांसह’ या दोन शब्दांची किंमत वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी कागदावर मांडली. संशोधन सेवेवर तेव्हा १८ टक्के जीएसटी. ४८ लाखांत कर धरला तर ७.३२ लाख सरकारकडे आणि विभागाला ४०.६८ लाख. महिना ३१,००० या दराने विद्यार्थिनीची दोन वर्षांची फेलोशिप होते ७.४४ लाख. म्हणजे जवळजवळ तिची पूर्ण फेलोशिपच करात जात होती. कंपनीला मात्र भरलेला जीएसटी स्वतःच्या करातून वजा करता येत असल्याने ‘अधिक कर’ असं लिहायला काही तोशीस नव्हती. एका ईमेलमध्ये मान्य झालं. मागितलं नसतं तर कुणी आपणहून दिलं नसतं.

ओव्हरहेडचं, म्हणजे प्रकल्पाच्या पैशातून विद्यापीठ स्वतःच्या खर्चासाठी घेतं त्या हिश्श्याचं, घोडं पाच आणि वीस टक्क्यांच्या मध्ये अडलं होतं, ते पंधरावर आलं. त्या बदल्यात चेंबर प्रकल्पानंतर विभागाचाच राहणार हे लिहून घेतलं. बिलानंतर ९० दिवसांनी पैसे या कलमाऐवजी ४० टक्के सहीच्या वेळी. फेलोशिप ९० दिवस थांबू शकत नाही.

सही आणि पुढची दोन वर्षं

२०२३च्या मे महिन्यात कुलसचिवांनी सही केली. मॅडमनी ‘वाचले, समजले’ म्हणून खाली सही केली.

काम चांगलं झालं, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या दिशेने. ब्लश कमी करणारा रेणू मिळाला, विद्यापीठाने तात्पुरत्या विवरणाचा अर्ज केला आणि १२ महिन्यांच्या आत पूर्ण विवरण दाखल केलं. कंपनीला जास्त उपयोग झाला तो आर्द्रतेच्या आकडेवारीचा. रेणू बनवायचा खर्च तिच्या गणितात बसला नाही आणि ऑप्शन तिने सोडून दिला. प्रबंधाच्या वेळी ४५ दिवसांचा हक्क वापरून तिने दोन तक्त्यांतले आकडे खुणांमागे न्यायला सांगितले, ते केले. विद्यार्थिनी आता डॉक्टर आहे. मालकी पूर्ण कंपनीची असती, तर कंपनीला नको असलेला हा रेणू कंपनीच्याच कपाटात पडून राहिला असता. सध्या चिकटद्रव्यं बनवणारा एक लघुउद्योजक त्याबद्दल विद्यापीठाशी बोलतो आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट क्रमाची. संशोधन प्रमुखाची खरी चिंता आम्हाला बोलणीच्या तिसऱ्या महिन्यात कळली. विभागातल्या त्या पहिल्या चहानंतर एका पानावर ‘तुम्हाला काय हवं, कशाची भीती, आम्हाला काय हवं’ एवढं लिहून दोन्ही बाजूंनी आपापल्या लीगलकडे दिलं असतं, तर बावीस पानांचा तो नमुना बहुधा आलाच नसता. आता विभाग तसंच करतो.

ऑप्शनच्या सहा महिन्यांचं घड्याळ कधी सुरू होतं, हे कलम ढिलं राहिलं. ‘निष्कर्ष कळवल्यापासून’ असं लिहिलं होतं. विद्यापीठ म्हणे शोधाची टिपणी दिल्यापासून, कंपनी म्हणे अंतिम अहवालापासून. या फरकात सात महिने गेले आणि तेवढा काळ त्या लघुउद्योजकाला ‘थांबा’ सांगावं लागलं. तारीख कुठल्या कागदावरून मोजायची, त्या कागदाचं नाव कलमात हवं होतं.

सही झाल्यावर महिन्याभरातच केंद्राने कनिष्ठ संशोधन फेलोशिप ३१,००० वरून ३७,००० केली, तीही जानेवारी २०२३पासून. विद्यापीठाचा नियम केंद्राच्या दराला बांधलेला, कंपनीचं अंदाजपत्रक मात्र जुन्या दराला. दोन वर्षांचा मूळ रकमेचाच फरक १.४४ लाख झाला आणि तो ओव्हरहेडमधून भरावा लागला. ‘दर बदलल्यास फरक प्रायोजक देईल’ हे वाक्य कुणालाच सुचलं नव्हतं.

जीएसटीचं चित्र १० ऑक्टोबर २०२४पासून बदललं. आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित असलेल्या विद्यापीठांनी अनुदानातून केलेल्या संशोधन सेवेला करमाफी मिळाली, अनुदान खासगी असलं तरी. पण आमचा पैसा करारात ‘शुल्क’ म्हणून लिहिला होता. त्याला अनुदान म्हणायचं का यावर लेखा विभागाने जोखीम घेतली नाही आणि शेवटचा हप्ता करासह गेला. नव्या करारांत हा शब्द आता विचार करून निवडावा लागतो.

राहिलेला मुद्दा अजून सुटलेला नाही. पेटंटच्या पहिल्याच फॉर्ममध्ये एक घोषणा असते, की शोधात भारतातलं जैविक साहित्य वापरलं असेल तर पेटंट मंजूर होण्याआधी सक्षम प्राधिकरणाची परवानगी सादर करू. चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे त्यासाठी जावं लागतं आणि साहित्य कुठून घेतलं ते सांगावं लागतं. विभागाने काजूच्या टरफलाचं तेल व्यापाऱ्याकडून पिंपाने विकत घेतलं होतं. आपल्याकडच्या काजू कारखान्यांत आफ्रिकेतून आलेली काजूबीही मोठ्या प्रमाणावर फोडली जाते. बिलावर फक्त ‘काजू तेल’ आणि वजन आहे. टरफल वेंगुर्ल्याचं की बेनिनचं, हे व्यापाऱ्यालाही सांगता येत नाही. मॅडमनी त्याला जुन्या खरेदीच्या नोंदी मागितल्या आहेत आणि विभागाच्या खरेदी फॉर्ममध्ये ‘मूळ ठिकाण’ असा रकाना वाढवून घेतला आहे.